वीज बघायची तर मागे सरका

ट्रायपॉडवर कॅमेरा, आयएसओ १००, ॲपर्चर एफ/८ आणि शटर २० सेकंद उघडं. रात्रीच्या वळवात विजेचा फोटो काढायला बसलेले बहुतेक जण साधारण याच आकड्यांपासून सुरुवात करतात. त्या २० सेकंदांत समोरच्या ढगात एखादी वीज चमकते, नाहीतर काळी फ्रेम पदरात पडते. पण तेवढ्याच वेळात पृथ्वीवर सगळीकडे मिळून सुमारे ८८० विजा चमकून गेलेल्या असतात. उपग्रहांच्या मोजणीनुसार सरासरी दर सेकंदाला ४४, दिवसाला ३८ लाख आणि वर्षाला साधारण १४० कोटी, म्हणजे भारताची लोकसंख्या आहे जवळपास तेवढ्या. त्यातल्या बहुतेक ढगातल्या ढगातच संपतात. जमिनीला टेकणाऱ्या त्या मानाने थोड्या.

या विजा सगळीकडे सारख्या वाटलेल्या नाहीत. व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवरावर दर चौरस किलोमीटरमागे वर्षाला सरासरी २३३ विजा चमकतात आणि वर्षातल्या जवळपास ३०० रात्री तिथे वादळ असतं. कॅमेरा लावून बसण्यासाठी पृथ्वीवर याहून भरवशाची जागा नाही.

आता आपल्या फ्रेमकडे येऊ. आपल्याला लख्खकन एकच रेघ दिसते, पण तिच्या आत बरंच काही घडून गेलेलं असतं. आधी ढगातून एक अंधूक धार खाली निघते. ती सरळ येत नाही. साधारण ५० मीटरांची एक पायरी ती सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात उतरते, थबकते, दिशा शोधते, पुढची पायरी उतरते. पाच किलोमीटर उंचीवरून जमिनीजवळ पोचायला तिला सेकंदाचा सुमारे चाळिसावा भाग लागतो. जमीन जवळ आली की झाडाच्या शेंड्यावरून, इमारतीच्या टोकावरून वर येणारी दुसरी धार तिला भेटते. मार्ग जोडला जातो आणि त्याच मार्गाने लखलखाट खालून वर धावतो. आपण बघतो ती वीज ही. तिचा वेग सेकंदाला सुमारे एक लाख किलोमीटर, म्हणजे प्रकाशाच्या वेगाच्या तिसऱ्या हिश्शाइतका. पाच किलोमीटरचा मार्ग ती सेकंदाच्या वीस हजाराव्या भागात उजळून टाकते. चांगल्या कॅमेऱ्याचं सर्वांत जलद यांत्रिक शटर सेकंदाच्या आठ हजाराव्या भागाचं असतं. म्हणजे ते शटर उघडून मिटेपर्यंत ही धाव दोनदा पुरी होऊन वर थोडा वेळ उरेल.

म्हणून विजेच्या फोटोत शटरचा वेग विजेचं काहीच ठरवत नाही. खालून वर जाणाऱ्या अशा एका झोताचा झगझगीत उजेड सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापुरता टिकतो, आणि २० सेकंदांच्या एक्सपोजरमध्ये त्याचा वाटा दोन लाखांतला एक. शटर १० सेकंद ठेवा की ३०, विजेची रेघ तेवढीच उजळ येते. कमीजास्त होतो तो शहराच्या दिव्यांचा आणि ढगांचा उजेड. विजेचा उजेड आवरायचा तर ॲपर्चर आणि आयएसओ हे दोनच लगाम हातात असतात. नव्याने शिकणाऱ्यांचं सगळं लक्ष शटरवर असतं आणि विजेचं खोड मात्र पांढरंफटक जळून येतं. एफ/८ वर जळत असेल तर एफ/११ करून बघावं, मग खोडाचे बारीक वळसे दिसायला लागतात.

तीव्रतेचे आकडेही तसेच. तो मार्ग दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा, म्हणजे अंगठ्याएवढा. त्यातून सरासरी ३०,००० अँपिअरचा प्रवाह जातो. आतली हवा ३०,००० अंश सेल्सिअसच्या आसपास तापते, सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपटीहून जास्त. हवा इतक्या झटक्यात फुगते, त्याचाच तो कडकडाट.

हे पायऱ्यांचं आणि झोतांचं प्रकरण उलगडलं तेही कॅमेऱ्यानेच. फिलाडेल्फियात विल्यम जेनिंग्ज यांनी १८८२ मध्ये विजेचे फोटो काढले, तेव्हा चित्रकार पिढ्यान्‌पिढ्या काढत आलेली काटकोनी, करवती वीज खोटी ठरली. फोटोतली वीज नदीसारखी होती, वळणावळणाची आणि उपनद्यांसह. पुढे चार्ल्स व्हर्नन बॉइज यांनी फिरत्या भिंगांचा कॅमेरा बनवला, आणि १९३० च्या दशकात बेसिल शॉनलंड यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या वादळांवर तो रोखून एका विजेचे कालक्रमाने तुकडे पाडले. आधी खाली उतरणारी धार, मग वर जाणारा लखलखाट, मग त्याच मार्गाने दुसरा झोत, तिसरा, चौथा. दोन झोतांमध्ये सेकंदाच्या विसाव्या-पंचविसाव्या भागाचं अंतर. वीज लुकलुकल्यासारखी वाटते ती याचमुळे.

म्हणून विजेचा फोटो नुसता बघू नये, वाचावा. फांद्या खाली झुकलेल्या असतील तर ती ढगातून निघाली. वर पसरलेल्या असतील तर ती जमिनीवरच्या एखाद्या उंच टोकावरून वर गेली. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगवर १९३० च्या दशकात कार्ल मॅकइक्रॉन यांनी कॅमेरे रोखले, तेव्हा तिथल्या बहुतेक विजा इमारतीच्या टोकावरून वर निघतात हे कळलं. एकाच रेघेला बाजूने समांतर रेघा दिसल्या, तर वाऱ्याने तो तापलेला मार्ग झोतांच्या मधल्या वेळात सरकवला, असा त्याचा अर्थ.

मोठ्या आकड्यांनी विजेबद्दल एक गैरसमजही होतो, की वादळातली सगळी ताकद तिच्यातच असते. एका विजेची ऊर्जा साधारण अब्जभर ज्यूल, म्हणजे विजेच्या बिलाच्या भाषेत सुमारे २८० युनिट. आता पावसाचा हिशेब करू. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. म्हणजे एका चौरस मीटरवर ९४४ किलो पाणी. एक किलो वाफेचं पाणी होताना सुमारे २५ लाख ज्यूल उष्णता हवेत सुटते. गुणाकार केला की एका चौरस मीटरमागे ६५५ युनिट निघतात. अब्ज ज्यूलची ती वीज सांताक्रूझच्या अर्ध्या चौरस मीटरहूनही कमी जागेवरच्या पावसाएवढीच ठरते! वादळ चालतं ते वाफेवर. वीज ही त्यातली किरकोळ सांडलवंड आहे आणि तरी तिच्यावरून आपली नजर हटत नाही.

आणि ढग? दहा किलोमीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच असा वादळी ढग घेतला, त्यात घनमीटरमागे फक्त एक ग्रॅम पाणी धरलं, तरी दहा लाख टन पाणी डोक्यावर तरंगत असतं. घनसेंटिमीटरला शंभर थेंबकण धरले तर अशा ढगाच्या एका घनकिलोमीटरमध्ये एकावर सतरा शून्यं इतके थेंबकण होतात, जुन्या गणनेतला नेमका एक परार्ध. यातले दहा लाख कण एकत्र आले की दोन मिलिमीटरचा एक पावसाचा थेंब होतो.

या कणांच्या, बर्फकणांच्या घासाघाशीतून साठणारा विद्युत दाब किती असतो, याचं सर्वांत थरारक मोजमाप भारतातच झालं. ऊटीला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा ग्रेप्स-३ हा प्रयोग अंतराळातून येणाऱ्या किरणांवर काम करतो. तिथला ५६० चौरस मीटरचा म्यूऑन टेलिस्कोप १ डिसेंबर २०१४ ला नेहमीप्रमाणे कण मोजत होता. वरून वादळ गेलं आणि म्यूऑन या विद्युतभारित कणांची संख्या घटली. त्या घटीवरून शास्त्रज्ञांनी ढगातला दाब काढला, १३० कोटी व्होल्ट. हा निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ढगांत अब्जावधी व्होल्ट साठू शकतात हे सी. टी. आर. विल्सन यांनी १९२९ मध्येच सुचवलं होतं. खरं ठरायला नव्वद वर्षं गेली.

याच विल्सन यांचं दुसरं भाकीत फोटोग्राफीच्या दृष्टीने आणखी मोलाचं आहे, पण त्यासाठी आधी मागे सरकायला हवं.

वीज जवळून दिसत नाही, हे मला विजेचे फोटो बघता बघता पटत गेलं. दहा किलोमीटरवर एक रेघ दिसते. तिथेही आपण सुरक्षित नसतोच. गडगडाट ऐकू येतोय म्हणजे आपण विजेच्या टप्प्यात आहोत, कारण ढगापासून दहा-दहा किलोमीटर बाजूला, निरभ्र आकाशाखालीही वीज उतरते. लखलखाट आणि आवाज यांतल्या सेकंदांना तीनने भागलं की अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. भारतात विजेने दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसं मरतात, आणि त्यांत शेतात, झाडाखाली सापडलेली फार. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपासच्या २० ते ४० किलोमीटरमधल्या विजांची सूचना देतं. फोटो काढणाऱ्याच्या मोबाइलमध्ये ते हवंच. गच्चीवर, कड्यावर उघड्यावर उभं राहून वीज टिपण्यात कसलीही मर्दुमकी नाही. मी खिडकीच्या आतूनच काढतो.

तीनशे किलोमीटरवर गेलं की आवाज येत नाही, पण ढगाचा वरचा भाग दिसत राहतो. पृथ्वीच्या गोलाईचा हिशेब धरला तर १२ किलोमीटर उंचीचा ढगमाथा ३९० किलोमीटरवरून क्षितिजावर दिसू शकतो. मे महिन्यातल्या रात्री लांबवर नुसतंच लवलवताना दिसतं, आणि गावाकडे ‘तिकडं लवतंय’ म्हणतात, ते ढग कधीकधी तीन जिल्हे ओलांडून पलीकडचे असतात.

आणखी मागे सरका. विल्सन यांनी १९२० च्या दशकात म्हटलं होतं, की मोठ्या विजेनंतर ढगाच्या खूप वरही ठिणगी पडायला हवी. वैमानिकांनी तसलं काही पाहिल्याचं अधूनमधून सांगितलं, पण पुरावा नव्हता. मग ६ जुलै १९८९ च्या रात्री मिनेसोटा विद्यापीठाचे जॉन विंकलर आणि त्यांचे सहकारी एका रॉकेट प्रयोगासाठीचा अंधारात बघणारा व्हिडिओ कॅमेरा तपासत होते. नंतर टेप पाहताना दोन फ्रेम्समध्ये दूरच्या वादळाच्या वर उजेडाचे प्रचंड खांब दिसले. आज त्यांना ‘स्प्राइट’ म्हणतात. जमिनीपासून ५० ते ९० किलोमीटर उंचीवर, नायट्रोजनमुळे लालभडक, खाली मुळांसारखे तंतू आणि वर फुलोरा. त्यांचं आयुष्य सेकंदाच्या काही हजाराव्या भागांचं. कोलंबिया यानाच्या शेवटच्या मोहिमेत, जानेवारी २००३ मध्ये, इलान रामोन यांनी त्यांचं अवकाशातून चित्रण केलं. कल्पना चावला त्याच यानात होत्या. १ फेब्रुवारीला यान परतताना सगळे सात जण गेले. चित्रणाचा बराच भाग आधीच जमिनीकडे पाठवला होता म्हणून तो उरला.

वादळाखाली उभं राहून स्प्राइट कधीच दिसणार नाही, मधे ढगच आडवा येतो. नागपूरवर वादळ असेल तर त्यावरचे स्प्राइट पुण्याहून टिपण्याजोगे! सरळ रेषेत अंतर ६२० किलोमीटर. पृथ्वीच्या गोलाईमुळे खालचे ३० किलोमीटर झाकले जातात, पण ८० किलोमीटरवरचा स्प्राइट क्षितिजाच्या चार-पाच अंश वर येतो. मोठ्या ॲपर्चरची लेन्स, आयएसओ ३२०० च्या पुढे, काळोखी जागा आणि धुरकट नसलेलं क्षितिज हवं. या यादीत सर्वांत दुर्मीळ गोष्ट शेवटची आहे.

पार ३५,७८६ किलोमीटर मागे गेलं तर? तिथून गोज-१६ हा उपग्रह सेकंदाला ५०० फ्रेम्स घेत विजा टिपत होता. २२ ऑक्टोबर २०१७ ला त्याने पूर्व टेक्सासपासून कॅन्सस सिटीपर्यंत गेलेली एक अखंड वीज नोंदली. नोंदी नव्याने तपासल्यावर जागतिक हवामान संघटनेने २०२५ मध्ये तिची लांबी जाहीर केली, ८२९ किलोमीटर. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. सर्वांत जास्त वेळ चाललेली वीज १८ जून २०२० ची, उरुग्वे आणि उत्तर अर्जेंटिनावरची, १७.१०२ सेकंदांची. आपल्या २० सेकंदांच्या एक्सपोजरमध्ये ती जेमतेम मावली असती.

अंतराचं हे सगळं गणित इंद्रधनुष्यापाशी मात्र चालत नाही. मागे सरका, पुढे जा, ते तेवढंच राहतं, कारण ते कुठल्याही एका ठिकाणी नसतंच. सूर्याच्या बरोबर विरुद्ध बिंदूपासून ४२ अंशांवर असलेले सगळे थेंब म्हणजे आपलं इंद्रधनुष्य. पूर्ण रुंदी ८४ अंश. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर २० मिलिमीटर लेन्सचा आडवा आवाका बरोबर ८४ अंशांचा. त्याहून लांब लेन्स असेल तर एक तरी टोक कापलं जाणार. बाकी ते टिकलं तर घाई नको: ३० नोव्हेंबर २०१७ ला तैपेईत एक इंद्रधनुष्य ८ तास ५८ मिनिटं पाहिलं गेलं.

आणि हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरचं इंद्रवज्र. कर्नल साइक्स यांनी १८३५ मध्ये ज्याचं वर्णन केलं ते हेच पूर्ण वर्तुळ, मध्ये बघणाऱ्याची सावली. कडा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणून सूर्य पाठीशी हवा तर सकाळच हवी, आणि खाली कोकणात ढग दाटून हवेत. पावसाळ्यात दोन्ही एका वेळी जमून येणं क्वचित. वर्तुळ लहान असतं, केंद्रापासून काही अंशांचंच, आणि ढगातले कण जितके बारीक तितकं मोठं. २० ची लेन्स लावली तर ते फ्रेमच्या मधे चिमुकलं दिसेल, ५० ची पुरते. शेजारी उभ्या असलेल्या दोघांनी एकाच वेळी फोटो काढले, तरी प्रत्येकाच्या वर्तुळाचं केंद्र त्याच्याच कॅमेऱ्याच्या सावलीवर येतं.