दोन विमानतळांमधला घाट
उड्डाणापूर्वीची माहिती संगणकावर भरपूर मिळते. मावळ-लोणावळ्याच्या आकाशाविषयी मात्र ती मौन पाळते

मुंबईतील जुहू विमानतळ आणि पुण्याचा लोहगाव विमानतळ यांच्यातील सरळ रेषेतील अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास भरते. हेलिकॉप्टरला ते कापण्यास पाऊण तास पुरतो. या मार्गाच्या दोन्ही टोकांच्या हवामानाची नियमित नोंद होते आणि ती इंटरनेटवर कोणालाही पाहता येते. मार्गाच्या मध्यावर मात्र सह्याद्रीची भिंत उभी आहे. खंडाळा, लोणावळा, राजमाची, लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना यांचा हा मुलूख ओलांडल्याशिवाय प्रवास पुरा होत नाही. नेमक्या याच टप्प्यावर वैमानिकाच्या हाती येणारी माहिती विरळ होते.

प्रवासी विमान कंपन्यांना याची झळ फारशी लागत नाही. त्यांची विमाने ढगांच्या वरून जातात, उपकरणांच्या आधारे उतरतात आणि त्यांच्या वैमानिकांना माहिती संकलित करून देणारा स्वतंत्र कर्मचारीवर्ग असतो. छोटे विमान, खासगी हेलिकॉप्टर किंवा पॅराग्लायडर चालविणाऱ्याची स्थिती वेगळी असते. तो बहुधा जमीन डोळ्यांनी पाहत, कमी उंचीवरून उडतो आणि उड्डाणापूर्वीची माहिती स्वतःच गोळा करतो. लोणावळ्याजवळ अॅम्बी व्हॅलीत खासगी धावपट्टी बांधली गेली, कामशेत परिसर पॅराग्लायडिंगसाठी देशभर ओळखला जाऊ लागला आणि मुंबई-पुणे हेलिकॉप्टर उड्डाणे नित्याची झाली. त्यामुळे या माहितीचा प्रश्न काही हौशी मंडळींपुरता राहिलेला नाही.

हा प्रश्न जिवाशी गाठ घालणारा आहे, याची जाणीव २०२४ने करून दिली. त्या वर्षी २४ ऑगस्टला जुहूहून हैदराबादकडे निघालेले हेलिकॉप्टर मुळशी तालुक्यातील पौडजवळ कोसळले. सुदैवाने त्यातील चौघेही वाचले. २ ऑक्टोबरच्या सकाळी पुण्याच्या बावधन परिसरातून जुहूकडे निघालेले हेलिकॉप्टर उड्डाणानंतर लगेच कोसळले आणि दोन वैमानिक व एक अभियंता अशा तिघांचा मृत्यू झाला. पहिल्या वृत्तांमध्ये त्या सकाळच्या दाट धुक्याचा उल्लेख होता. अपघातांची कारणे ठरविणे हे तपास यंत्रणेचे काम आहे. तथापि, घाटमाथ्याचे आणि त्याच्या पायथ्याचे हवामान कमी उंचीवरून उडणाऱ्यासाठी किती निर्णायक ठरते, हे समजून घेण्यास अहवालाची वाट पाहावी लागत नाही.

आकडा एक, अर्थ दोन

विमानतळावरील प्रत्यक्ष हवामानाच्या सांकेतिक नोंदीला ‘मेटार’ म्हणतात. मोठ्या विमानतळांवर ती दर अर्ध्या तासाने प्रसिद्ध होते. वाऱ्याची दिशा व वेग, दृश्यमानता, ढगांची उंची, तापमान, दवबिंदू आणि हवेचा दाब इतका तपशील तिच्यात असतो. पुढील काही तासांच्या अंदाजाला ‘टॅफ’ असे नाव आहे. दोन्ही माहितींचा आवाका विमानतळ आणि त्याच्या निकटच्या परिसरापुरता असतो. शिवाय मेटारमधील ढगांची उंची समुद्रसपाटीपासून मोजलेली नसते. ती त्या विमानतळाच्या जमिनीपासून मोजलेली असते. घाटाच्या संदर्भात हाच तपशील सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

एक उदाहरण घेऊ. पावसाळ्यातील एखाद्या सकाळी जुहू आणि लोहगाव या दोन्ही ठिकाणी ढगांचे छत १५०० फुटांवर असल्याची नोंद आहे, असे समजा. नियंत्रित क्षेत्रातील विमानतळावर डोळ्यांच्या आधाराने उड्डाण करायचे, तर ढगांचे छत १५०० फुटांपेक्षा खाली आणि दृश्यमानता ५ किलोमीटरपेक्षा कमी नसावी, असा सर्वसाधारण आंतरराष्ट्रीय नियम आहे. म्हणजे कागदोपत्री दोन्ही टोके खुली आहेत.

आता प्रत्यक्ष हिशेब पाहू. जुहू समुद्राला लागून असल्याने तेथील १५०० फूट म्हणजे समुद्रसपाटीपासूनही जवळपास १५०० फूटच. लोणावळा शहर मात्र सुमारे ६२२ मीटर, म्हणजे २०४० फूट उंचीवर आहे. मुंबईकडील ढगांचा तो थर घाटापर्यंत तसाच पसरला असेल, तर लोणावळ्याचे रस्तेसुद्धा त्याच्या तळापेक्षा ५०० फूट वर राहतील. मुंबईकर ज्याला ‘ढगाळ वातावरण’ म्हणतो, तेच खंडाळ्यात समोरचा माणूस न दिसणारे धुके असते. लोहगाव विमानतळाची उंची सुमारे ५९२ मीटर, म्हणजे १९४० फूट. त्यावर १५०० फूट मिळविले, तर ढगांचा तळ ३४४० फुटांवर येतो. लोहगड १०३३ मीटर, म्हणजे ३३८९ फूट उंच; त्याचा माथा ढगाला जेमतेम टेकणार. शेजारचा विसापूर १०८४ मीटर, म्हणजे ३५५६ फूट उंच; त्याचा माथा ढगात बुडालेला असणार. दोन्ही नोंदी अचूक, दोन्हींत आकडा एकच आणि तरीही घाट बंद! संगणकाच्या पडद्यावर हे दोन आकडे शेजारी-शेजारी दिसतात तेव्हा मधली भिंत कोठेच दिसत नाही.

हवेच्या चढणीचा हिशेब

ढग घाटावरच का दाटतात, याचे उत्तर भोर घाटाच्या रचनेत आहे. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत जमीन अवघ्या काही किलोमीटरांत ५०० मीटरहून अधिक वर चढते. अरबी समुद्रावरून आलेली दमट हवा या कड्याला आदळून वर ढकलली जाते, वर जाताना थंड होते आणि तिच्यातील बाष्पाचे ढग बनतात. लोणावळ्यात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि ६० किलोमीटरवरील पुण्यात त्याच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी, याचे कारण तेच आहे.

या प्रक्रियेचा सुगावा मेटारमधूनच काढता येतो. हवेचे तापमान आणि दवबिंदू यांच्यातील प्रत्येक अंश सेल्सिअसच्या फरकामागे ढगांचा तळ साधारण १२५ मीटर वर असतो, असा ठोकताळा वैमानिक वापरतात. जुहूला तापमान २९ अंश व दवबिंदू २५ अंश असेल, तर फरक ४ अंशांचा. म्हणजे ती हवा सुमारे ५०० मीटर उंचीवर चढताच ढगात रूपांतरित होण्याची शक्यता आहे आणि घाटमाथा त्याहून उंच आहे. मुंबईचे आकाश त्या वेळी बऱ्यापैकी मोकळे असले, तरी हीच हवा घाट चढताना ढग निर्माण करते. ही एक वजाबाकी संकेतस्थळ आपणहून करून देत नाही. ती वैमानिकालाच करावी लागते.

हिवाळ्यात चित्र उलटते. डिसेंबर-जानेवारीत रात्री जमीन थंड होते आणि पवना व इंद्रायणीच्या खोऱ्यांत पहाटे धुके साचते. तेव्हा डोंगरमाथे उन्हात आणि गावे धुक्यात असतात. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर उठणारे वादळी ढग तासाभरात आकाश व्यापतात. तिन्ही ऋतूंतील धोके वेगळे आहेत. पडद्यावरील नोंदीचा साचा मात्र एकच आहे.

कामशेतचा वारा आणि संगणकाचा चौकोन

पॅराग्लायडर उडविणाऱ्यांची अडचण निराळी आहे. त्यांच्या टेकडीवर मेटार नसतोच. त्यांचा भरवसा मोबाइलवरील वाऱ्याच्या रंगीत नकाशांवर असतो आणि हे नकाशे प्रत्यक्ष मोजणीतून थेट आलेले नसतात. संगणकीय प्रारूप पृथ्वीचे लहान-लहान चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनाला सरासरी उंची व सरासरी वारा देते. अमेरिकेच्या जागतिक प्रारूपात अशा चौकोनाची बाजू सुमारे १३ किलोमीटर, तर युरोपीय केंद्राच्या प्रारूपात ९ किलोमीटर आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ २६ मे २०२५ रोजी राष्ट्राला अर्पण झाली. तिने ही बाजू ६ किलोमीटरवर आणली. ही मोठीच प्रगती होय.

तरीही ६ किलोमीटरच्या चौकोनात पवना धरणाचे पाणी, तिकोन्याचा सुळका, भातखाचरे आणि दोन खिंडी एकत्र मावतात. त्यांची सरासरी काढली की सुळका सपाट होतो आणि खिंडही बुजते. पॅराग्लायडिंगचा सारा खेळ मात्र याच चढ-उतारांवर अवलंबून असतो. खिंडीतून वारा वेग घेतो, डोंगराच्या पाठीमागे त्याचे भोवरे होतात आणि दुपारनंतर कोकणातून चढून येणारा समुद्री वारा अल्पावधीत दिशा व जोर बदलतो. मोबाइल ‘१२ किलोमीटर’ वेग दाखवीत असताना माथ्यावर त्याच्या दुप्पट वारा असणे अशक्य नसते. म्हणूनच जाणते पॅराग्लायडर माथ्यावरचा वातपिशवीचा कल, तलावावरील लाटा, घारींचे घिरट्या घेणे आणि आधीच पोहोचलेल्या सहकाऱ्याचा दूरध्वनी यांना पडद्यापेक्षा अधिक मान देतात.

सूचनांच्या ढिगातील एक ओळ

हवामानाइतकीच महत्त्वाची असते ‘नोटॅम’, म्हणजे वैमानिकांसाठीची सूचना. धावपट्टी बंद आहे, हवाई क्षेत्रात तात्पुरती बंदी आहे, उंच क्रेन उभी आहे, दिवा नादुरुस्त आहे, असे सारे तिच्यातून कळते. पुण्याचा विमानतळ धावपट्टीच्या कामासाठी १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ या काळात पूर्ण बंद होता. अशी मोठी बाब वृत्तपत्रांतूनही समजते. एखाद्या दुपारपुरते निर्बंध मात्र नोटॅममध्येच असतात.

तक्रार आहे ती मांडणीविषयी. सूचना संक्षेपांच्या भाषेत असतात आणि वेळ भारतीय प्रमाणवेळेत नसून जागतिक वेळेत असते. दोहोंत साडेपाच तासांचे अंतर आहे. त्यामुळे १६ तारखेला पहाटे २ वाजता लागू होणारे निर्बंध सूचनेत १५ तारखेचे, रात्री साडेआठचे म्हणून छापले जातात. घाईत वाचणाऱ्याचा एक दिवस सहज चुकतो. शिवाय महत्त्वाची आणि बिनमहत्त्वाची सूचना एकाच अक्षरात, एकाच ओळीने उभी असते.

हे दुखणे केवळ आपल्याकडचे नाही. ७ जुलै २०१७ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एअर कॅनडाचे विमान धावपट्टीऐवजी चार विमाने उभी असलेल्या टॅक्सीमार्गावर उतरता उतरता वाचले. शेजारची धावपट्टी बंद असल्याची सूचना वैमानिकांच्या कागदपत्रांत होती. पण ती २७ पानांतील आठव्या पानावर होती. ११ जानेवारी २०२३ रोजी अमेरिकेची नोटॅम यंत्रणाच बंद पडली आणि देशभरातील विमानांची उड्डाणे काही काळ थांबवावी लागली.

आपल्याकडे माहितीचे वाटपही संस्थांनुसार झाले आहे. हवामान भारतीय हवामानशास्त्र विभागाकडे, हवाई माहिती व नोटॅम भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे, तर लोहगावचा तळ आणि संरक्षणविषयक उड्डाण परवानगी हवाई दलाकडे. या विभागणीला कारणे आहेत. परंतु वैमानिकासाठी मार्ग एकच असतो. हे सारे धागे स्वतः जुळविताना त्याचा वेळ जातो आणि एखादा धागा सुटण्याचा धोका राहतो.

उपाय अवघड नाहीत

अलास्का हा डोंगर आणि लहान विमानांचा प्रदेश. तेथे अमेरिकी हवाई प्रशासनाने १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून डोंगरी खिंडींत कॅमेरे बसविण्यास प्रारंभ केला. त्यांची संख्या पुढे दोनशेहून अधिक झाली. ताज्या छायाचित्राशेजारी त्याच जागेचे निरभ्र दिवसाचे छायाचित्र असते आणि त्यावर शिखरांची अंतरे लिहिलेली असतात. समोरचे शिखर दिसत नसेल, तर खिंड बंद. हे समजण्यास सांकेतिक भाषा लागत नाही. आपल्याकडेही १५ जून २०२५ रोजी गौरीकुंडजवळ हेलिकॉप्टर कोसळून सात जणांचा मृत्यू झाल्यानंतर चारधाम मार्गावर कॅमेरे आणि ढगांची उंची मोजणारी उपकरणे यांवर भर देण्यात आला. जे हिमालयात शक्य आहे, ते भोर घाटात अशक्य का असावे? खंडाळा, राजमाची, पवना खोरे आणि मुळशीकडील कडा अशा मोजक्या जागी कॅमेरा, वारामापक व ढगमापक बसला, तर मार्गातील रिकामी जागा भरून निघेल. १९२८ साली ज्या पुण्यात देशाच्या हवामान विभागाचे मुख्यालय आले, त्या पुण्याच्या उंबरठ्यावरील घाटासाठी एवढी अपेक्षा अवाजवी ठरू नये.

तोपर्यंत वैमानिकाने प्रत्येक आकड्याला तीन प्रश्न विचारावेत. हा आकडा कोठे मोजला? कोणत्या पातळीपासून मोजला? आणि कोणत्या घड्याळाच्या किती वाजता मोजला? तिन्हींची उत्तरे मिळाली की ढगांची उंची समुद्रसपाटीपासून मांडून ती घाटमाथ्याच्या उंचीशी ताडावी, तापमान व दवबिंदूची वजाबाकी करावी आणि लोणावळ्यातील एखाद्या परिचिताला समोरचा डोंगर दिसतो का, हे निःसंकोच विचारावे. हेलिकॉप्टरने जाणाऱ्या प्रवाशांनीही एक पथ्य पाळावे. ‘दोन्हीकडे हवा चांगली आहे, मग थांबायचे कशाला?’ असा आग्रह वैमानिकाकडे धरू नये. दोन्हीकडची हवा चांगली असते. मधला घाट मात्र आपल्या मर्जीने उघडतो आणि मिटतो. तो मिटलेला असताना मोटारीने दोन तास अधिक लागले, तर फार काही बिघडत नाही.