शेवटच्या सेकंदांची पानं

मंगा, म्हणजे जपानी चित्रकथा, पहिल्यांदा हातात घेतली की गडबडतात ते डोळे. पुस्तक आपल्या हिशेबानं मागून उघडायचं, चौकटी उजवीकडून डावीकडे वाचायच्या. जपानी मजकूर उभा लिहिला जातो, म्हणून संवादांचे फुगेही उभट. त्यांत इंग्रजी भाषांतर दाटीवाटीनं कोंबलेलं. पण नजरेला हे वळण लवकर पडतं. खरं नवल वाटतं ते वेळेच्या हिशेबाचं.

ताकेहिको इनोउए यांची ‘स्लॅम डंक’ १९९० ते १९९६ या काळात ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकात क्रमशः येत होती. विषय शाळकरी मुलांचं बास्केटबॉल. शेवटचा सामना गतविजेत्या सान्नो संघाशी. तोवर पानापानावर आरडाओरडा चाललेला असतो; चेंडू आपटल्याचा, बूट घासल्याचा आवाजसुद्धा चित्रातच ठसठशीत अक्षरांत काढलेला. सामना संपायला काही सेकंद उरतात आणि इनोउए हे सगळं काढून घेतात. ना आवाज, ना निवेदन. फुगे जवळपास नाहीतच. उरतात धावणारी शरीरं, ताणलेले चेहरे आणि वेगाच्या रेषा. सेकंदभराची हालचाल चौकटींमागून चौकटी चालते.

मी ‘अमर चित्र कथा’ वाचत वाढलो. तिथे चौकटीच्या माथ्यावर निवेदक सगळं सांगून मोकळा होतो आणि कथा झपाझप पुढे जाते. इथे सांगायला कुणीच नाही, त्यामुळे मी एकेका चेहऱ्यापाशी थांबलो.

काही महिन्यांपूर्वी खेळायला लागलेला साकुरागी आणि कसलेला रुकावा एकाच संघात, पण दोघांचं एकमेकांशी मुळीच पटत नाही. रुकावा सहसा साकुरागीकडे चेंडू देत नाही. शेवटच्या क्षणी देतो. साकुरागीची फेक बास्केटमध्ये, त्यांचा संघ ७९-७८ असा जिंकतो. मग समोरासमोरच्या दोन पानांवर मिळून एकच चित्र: दोघांनी एकमेकांना दिलेली टाळी. इतकी पानं शब्द राखून ठेवल्यामुळेच ते चित्र एवढं मोठं वाटतं, असं माझं ठाम मत आहे.

२०२२ मध्ये इनोउए यांनीच या सामन्यावर चित्रपट दिग्दर्शित केला. त्यातही अखेरीस आवाज बंद होतो आणि ते फार परिणामकारक आहे. तरी मला पुस्तकच जास्त आवडलं. चित्रपटात सेकंद दिग्दर्शकाच्या गतीनं सरतात. पुस्तकात पान कधी उलटायचं ते माझ्या हातात होतं, आणि मी ते बराच वेळ उलटलं नाही.