नवा व्हिडिओ गेम येणार म्हणे! आत्ता घ्यावा की थांबावं?

२०२६ च्या संक्रांतीची गोष्ट. हळदीकुंकवासाठी माझी नणंद अकोल्याहून अमरावतीला आली होती, सोबत तिचा बारावीतला मुलगा. बाहेर बायकांना तिळगूळ आणि वाण देणं चाललं होतं आणि आतल्या खोलीत माझा नववीतला मुलगा आणि हा भाचा यांचं असं काही जुंपलं होतं, की मला वाटलं क्रिकेटवरून भांडताहेत. डोकावून पाहिलं, तर वाद चालला होता बाजारात न आलेल्या एका यंत्रावर! प्लेस्टेशन सहा म्हणे. "आत्ता पाच घेणं म्हणजे पैसे पाण्यात," असं भाच्याचं म्हणणं. "सहाची वाट पाहीपर्यंत माझं शाळेचं वय संपेल," असं आमच्या चिरंजीवांचं.

सासूबाई वाती वळत होत्या. त्या म्हणाल्या, "काऊन रे पोट्टेहो, जे हाये ते शिळं म्हणता, अन् नवं तं आलंच नाई. मंग भांडता कायले?"

सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही. कारण ज्या पैशांवर हा वाद रंगला होता, ते माझे होते. आमची वीस जणींची भिशी, महिना अडीच हजारांची. माझा नंबर शेवटचा. घरखर्चातून काटकसर करून भरलेले ते पन्नास हजार हातात येण्याआधीच घरात खर्च होऊन गेले होते आणि मला कुणी विचारलंही नव्हतं!

रागावून काय साधणार? म्हटलं, आधी हे प्रकरण समजून तर घेऊ. तुमच्याही घरी हाच वाद आज ना उद्या होईल, म्हणून जे कळलं ते सांगते.

मुलांचा हिशेब

आपल्या लहानपणी कॅसेट घालून टीव्हीवर खेळायचा व्हिडिओ गेम असे, आठवतो ना? त्याचंच हे थोरलं भावंडं. सोनी कंपनीचं पहिलं यंत्र जपानात १९९४ मध्ये निघालं, दुसरं २००० मध्ये, तिसरं २००६ मध्ये, चौथं २०१३ मध्ये आणि पाचवं २०२० मध्ये. म्हणजे दर सहा-सात वर्षांनी नवं. त्यावरून मुलं २०२७-२८ चं भाकीत करतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये सोनी आणि एएमडी या दोन कंपन्यांच्या तज्ज्ञांनी पुढच्या यंत्रासाठी नव्या तंत्रावर काम चालल्याचं सांगितलं, पण ते यायचं "काही वर्षांत". तारीख नाही, किंमत नाही. तेवढ्या आधारावर आमच्याकडे दोन तट पडले होते!

थांबणाऱ्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. नवं आलं की जुन्यासाठी नवे खेळ हळूहळू कमी होतात. पण नवं म्हणजे चांगलंच, असंही नाही. निन्टेन्डो कंपनीचं वी यू हे यंत्र २०१२ मध्ये आलं आणि जगभरात जेमतेम १ कोटी ३५ लाखांवर थांबलं. त्याच कंपनीचं २०१७ मधलं स्विच १५ कोटींच्या घरात गेलं. सेगा कंपनीला तर २००१ मध्ये आपलं ड्रीमकास्ट बंद करून यंत्रांच्या धंद्यातूनच बाहेर पडावं लागलं. तेव्हा पहिल्याच दिवशी रांगेत उभं राहणाऱ्याचं नेहमी भलंच होतं असं नाही. आपण नव्या दुकानातून लगेच वर्षभराची डाळ भरतो का? आधी पावशेर आणून शिजवून पाहतो.

"थांबलं की जुनं स्वस्त होईल," हा आपला बायकांचा नेहमीचा आडाखा. तो इथे चुकतो. प्लेस्टेशन पाच भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आलं आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ५४,९९० झालं! शिवाय २०२५ च्या अखेरीपासून संगणकाच्या मेमरीचे भाव चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांना ती लागते म्हणून. त्याची झळ या यंत्रांनाही बसते.

आणखी एक गंमत. दोघंही ज्या खेळासाठी एवढे उतावीळ, त्या जीटीए सहाची तारीख कंपनीने नोव्हेंबर २०२५ मध्ये १९ नोव्हेंबर २०२६ अशी जाहीर केली होती, आणि तो प्लेस्टेशन पाचसाठीही. म्हणजे त्यासाठी सहा नंबर लागणारच नाही! पण त्या मालिकेतला आधीचा खेळ युरोपात अठरा वर्षांवरच्यांसाठी ठरवलेला आहे. खोक्यावरचा वयाचा आकडा वाचायची सवय ठेवा. औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचतो, तशी.

वऱ्हाडचा उन्हाळा आणि हे यंत्र

आता आपल्या कामाचं. प्लेस्टेशन पाचच्या माहितीपुस्तकात ते ५ ते ३५ अंश तापमानात वापरावं असं लिहिलं आहे. आणि आपल्या अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास! नणंदेकडचं जुनं यंत्र असंच गेलं. टीव्हीखालच्या काचेच्या कपाटात बंद, मागे भिंत, समोर काच. ऐन मेमध्ये दुपारी खेळता खेळता बंद पडलं ते पडलंच. दुरुस्तीचे पैसे भरताना तिच्या कपाळाला आठ्या!

तेव्हा यंत्र उघड्या फळीवर ठेवा, चारी बाजूंनी वीतभर जागा सोडा. कूलरच्या अगदी समोर ठेवू नका, ओलसर वारा विजेच्या वस्तूला चांगला नाही. काळ्या मातीची धूळ आपल्याकडे कुठूनही आत येते. आठवड्यातून एकदा बंद करून, प्लग काढून कोरड्या फडक्याने पुसावं, वर विणलेलं झाकण घालून ते चालू ठेवू नये. उन्हाळ्यात खेळ सकाळी किंवा रात्री, दुपारी नाहीच. वीज म्हणाल, तर मोठा खेळ चालू असताना साधारण दोनशे वॅट. पाच तासांना एक युनिट धरा.

घेण्यापूर्वी विचारा

तबकडी लागणारं यंत्र आहे का? तबकडी असली तर खेळ मैत्रिणीकडून आणता येतो, जुना विकता येतो. बिनतबकडीचं यंत्र थोडं स्वस्त, पण त्यात ही सोय नाही. जुने खेळ नव्यात चालतात का? चौथ्याचे बहुतेक पाचव्यात चालतात, पण तिसऱ्याचे चौथ्यात चालत नव्हते. रोज किती तास खेळायचं आणि महिन्याला किती खर्च करायचा, याची मर्यादा पालकांना यंत्रातच घालता येते. ती पहिल्याच दिवशी घाला. बँकेचं कार्ड मात्र त्यात भरून ठेवू नका.

आणि मूल खेळापायी जेवण, झोप, अभ्यास, माणसं सोडू लागलं तर ते हट्टाचं म्हणून झटकू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या यादीत याला आजार म्हटलं आहे. डॉक्टरांना दाखवायला लाजू नये.

आणि लेक?

हे सगळं मी वहीत लिहीत होते, तेव्हा माझी अकरावीतली लेक शेजारी येऊन बसली. म्हणाली, "आई, दोघांनी पाच की सहा एवढं भांडण केलं. खेळायला कोण कोण असणार, हे कुणी विचारलं का?" दिवाळीत अकोल्याला तिने या दोघांनाही हरवलं होतं, तेव्हा सगळ्यांनी तिच्या हातून रिमोट काढून तिला फराळाची ताटं करायला पाठवलं होतं. पाठवणारी मीही होते. भिशीच्या पैशांबद्दल मला जे लागलं होतं, तेच हिला लागलं होतं.

तिनेच मला पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' हा खेळ दाखवला. २०२० मध्ये आलेला. त्यात एक मुलगी आपल्या भावाला सोडवायला निघते. आपल्याकडची देवळं, देवादिकांच्या कथा, सगळं त्यात आहे. आणि तो चालायला सहा नंबर लागत नाही, चौथाही पुरतो.

शेवटी रात्री जेवणानंतर मी घरात सांगितलं: भिशी लागली की पैसे माझ्या नावावर बँकेत जातील. वर्षभराने त्या दिवशीचा भाव बघून ठरवू. घ्यायचं झालं तर हाताचे रिमोट दोन, वेळ दोघांनाही सारखा आणि ताटं दोघांनीही करायची. मुलाचा चेहरा उतरला, पण हे म्हणाले, "पैसे तिचे आहेत, ती म्हणते तसं." वीस वर्षांच्या संसारात हे वाक्य ऐकायला एक व्हिडिओ गेम यावा लागला!

सासूबाई मात्र वातीवरून नजर न काढता म्हणाल्या, "मलेबी शिकवजो वो पोरी, दुपारी झोप लागत नाई."

मैत्रिणींनो, तुमच्या घरी नवा खेळ येणार असेल, तर एवढं जरूर पाहा. यंत्र कोणतंही येवो, रिमोट कुणाकुणाच्या हातात जाणार हे आधी ठरू द्या.