पंप नव्हे, तेल बघा

मामाचा फोन आला तेव्हा मी माहुलच्या जेटीवर फ्लेमिंगो बघत उभा होतो. "ट्रॅक्टरची लिफ्ट नांगर उचलत नाही रे. मिस्तरी म्हणतो पंप गेला, नवाच घाला."

"पंपाला हात लावू नकोस," मी म्हटलं. "बाटलीभर तेल काढ आणि मुंबईला येताना घेऊन ये."

मामाचा ट्रॅक्टर म्हणजे बी-२७५, नारायणगावजवळच्या शेतावरचा. गावाकडे तो अस्सल गावचाच वाटतो, पण जन्म मुंबईच्या उपनगरातला. १९६३ साली महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून कंपनी काढली आणि कांदिवलीत हे ट्रॅक्टर बनू लागले. तेलाचं माहेर तर आमच्या दारातच. १९५४ मध्ये स्टॅनव्हॅकची रिफायनरी आली, १९५५ मध्ये बर्मा शेलची. पुढे स्टॅनव्हॅकची एस्सो झाली, १९७४ मध्ये एस्सो आणि ल्यूब इंडिया मिळून हिंदुस्थान पेट्रोलियम झालं, १९७६ मध्ये बर्मा शेलही सरकारकडे आली. वंगणाचं मूळ तेल माहुलला आजही निघतं. इतिहास एवढा पुरे. मला बाटलीकडे यायचंय.

बाटलीतलं तेल कॉफीत दूध जरा जास्त पडावं तसं दिसत होतं. असं तेल दोन कारणांनी होतं, हवेमुळे किंवा पाण्यामुळे, आणि उपाय अगदी वेगळे. पंप तेल ओढतो त्या बाजूचा सांधा किंवा ऑइल सील सैल असेल तर तेलाबरोबर हवाही येते. पंप किंचाळतो, लिफ्ट धक्के देत वर जाते. पाणी मात्र ब्रीदरमधून, फुटक्या झाकणातून, चिखलणीच्या दिवसांत गुपचूप शिरतं. ओळखायचं कसं? बाटली खिडकीत ठेवून द्यायची. हवेचे बुडबुडे वर चढतात, म्हणून तेल तळाकडून स्वच्छ होत जातं आणि थोड्या वेळात सगळंच निवळतं. पाणी असेल तर दुधाळपणा तासन्‌तास हटत नाही. निवळलंच तर पाणी तळाला बसतं.

शेजारचे काका रिफायनरीच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. त्यांना बाटलीवर भरवसा नव्हता. "तवा तापवा," म्हणाले. तापल्या तव्यावर चमच्याच्या टोकाने एकच थेंब सोडला, चष्मा लावून आणि तोंड लांब ठेवून. चर्र! नुसतं तेल असं तडतडत नाही. बायकोने तो तवा आजतागायत स्वयंपाकघरात घेतलेला नाही.

मामाने मग कबूल केलं. पावसाळाभर ट्रॅक्टर छपराबाहेर होता आणि तेल कमी दिसलं म्हणून त्याने डब्यात उरलेलं नव्वद नंबरचं गिअर ऑइल ओतलं होतं. थंडीच्या सकाळी असलं घट्ट तेल पंपाला ओढवत नाही. तो उपाशी राहतो, कोरडाच घासला जातो आणि वर बदनाम होतो. उलट, तेल तापल्यावरच लिफ्ट ढेपाळत असेल तर तेल फार पातळ आहे किंवा पंपाचे गिअर झिजलेत, असा संशय घ्यावा. मिस्तरी हे काहीच विचारत नाहीत, ही माझी जुनी तक्रार. आणखी एक खोड: पंप इंजिनला जोडलेला असेल आणि त्याचं सील फाटलं, तर हायड्रॉलिकचं तेल इंजिनात उतरतं. तेव्हा इंजिनचं तेल न भरता वाढलेलं दिसलं, तर आनंद मानू नये.

शनिवारी आम्ही गावी गेलो. इंजिन अर्धा तास चालवलं आणि तेल गरम असतानाच ड्रेन प्लग उघडला, म्हणजे गाळ तेलाबरोबर वाहून येतो. जाळी काढली तर तिच्यावर शेवाळासारखा लगदा. ती डिझेलमध्ये धुतली. पहिलं भरलेलं तेल लिफ्ट दहा-बारा वेळा वरखाली करून सोडून दिलं, दुसरंही तसंच. मामाचा चेहरा प्रत्येक लिटरला उतरत होता. तिसऱ्यांदा मात्र पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचं तेल भरलं. पंप आधी थोडा गुरगुरला, मग गप्प झाला. नांगर सरळ वर.

परवा पुन्हा फोन. "उचलतो झकास, पण रात्री उचलून ठेवला की सकाळी जमिनीवर."

"इंजिन बंद असताना?"

"हो."

"मग यात पंप कुठून आला, मामा? सिलिंडरचं सील नाहीतर व्हॉल्व्ह."

पलीकडे थोडी शांतता. मग तो म्हणाला, "मिस्तरी म्हणतोय पंपच."