सोंगांच्या रात्री

होळी जवळ आली की पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर माणसं परतू लागतात. भाताची कापणी आटोपून दिवाळीनंतर भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर गेलेली कुटुंबं सणाला घरी येतात. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत लागलेली पोरं सुट्टी काढतात. विहिरींचा तळ दिसू लागलेला असतो, शेतात हाताला काम नसतं. वर्षातला सगळ्यांत मोठा सोहळा नेमका याच दिवसांत उभा राहतो. त्याचं नाव बोहाडा.

काही गावांत त्याला भोवाडा म्हणतात. मुखवटे चढवून गावाने रात्रभर नाचून दाखवलेली पुराणकथा, अशी त्याची ओळख थोडक्यात करून देता येते. कुठे तीन रात्री, कुठे पाच, कुठे त्याहून जास्त. मोखाड्याचा जगदंबेचा उत्सव फाल्गुनात होतो, इतर गावांचे बोहाडे चैत्र-वैशाखापर्यंत चालतात. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी, कुणबी अशा अनेक समाजांचे लोक त्यात असतात. पालघरला लागून असलेल्या नाशिकच्या डोंगरी भागात तो आहे आणि गुजरातच्या डांगमध्ये कोकणा लोक ज्याला भवाडा म्हणतात तोही याच घराण्यातला.

१ ऑगस्ट २०१४ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. बाहेरच्यांना हा जिल्हा दोन गोष्टींनी माहीत असतो. किनाऱ्यावर १९६९पासून वीज देणारं तारापूरचं अणुवीज केंद्र आणि डोंगरातलं कुपोषण. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत १९९२-९३मध्ये झालेल्या बालमृत्यूंनंतर जव्हारचं नाव त्या एकाच संदर्भात छापून येत राहिलं. ते दुःख खरं होतं, अजून पुरतं सरलेलंही नाही. पण ज्या माणसांच्या पोटाची बातमी झाली, त्यांच्याकडे एवढं मोठं रंगकर्म आहे, हे फार थोड्या वाचकांपर्यंत पोहोचलं, याची खंत वाटते.

रात्रीची सुरुवात गणपतीने होते. मोरावरची सरस्वती येते. मग एकामागून एक सोंगं निघतात. ‘सोंग निघणं’ आणि ‘सोंग नाचवणं’ हे इथले शब्द. राम-लक्ष्मण, त्राटिका, दहा तोंडांचा रावण, भीम आणि बकासुर, हिरण्यकश्यपू आणि नरसिंह, खंडोबा, वेताळ. काही गावांत ५२ सोंगांची परंपरा सांगतात. रंगमंच असा वेगळा नसतो. गावातली वाट आणि देवळापुढची मोकळी जागा हाच मंच. वाटेच्या एका टोकाकडून सोंग नाचत येतं, माणसं दोन्ही बाजूंना सरकून त्याला जागा देतात आणि ते देवळापाशी पोहोचेपर्यंत पुढच्या सोंगाची तयारी मागे सुरू झालेली असते. पूर्वी हा सगळा खेळ टेंभ्यांच्या उजेडात चाले. हलत्या ज्वाळेत रंगवलेले डोळे फिरल्यासारखे दिसत. आता विजेचे दिवे आहेत, तरी काही ठिकाणी सोंगासोबत टेंभा धरायची रीत पाळली जाते.

बोलणं त्यात कमीच. गोष्ट पुढे नेतात ते संबळ आणि सनई. सोंग बदललं की वाजवण्याची चाल बदलते, पावलं बदलतात. राक्षसाचं सोंग जमीन दणाणत येतं, देवीच्या सोंगाची चाल वेगळी. जाणता माणूस डोळे मिटूनही कोण आलं ते ओळखेल. एरवी कथेकऱ्याने करायचं काम इथे प्रेक्षक करतात. मांडीवरच्या नातवाला आजी सांगत असते, हा कोण, याने काय केलं, आता याला कोण मारणार. पोथी न उघडता रामायण-महाभारत या डोंगरात जे टिकलं, त्यात अशा कुजबुजीचा वाटा मोठा आहे.

नाचणाऱ्याचे हाल मात्र प्रेक्षकाला दिसत नाहीत. मुखवटा डोक्यामागे फडक्याने आवळून बांधलेला असतो. बघायला असतात ती फक्त बारीक भोकं. आत श्वास कोंडतो, घाम डोळ्यांत उतरतो. रावणाचा मुखवटा तर रुंदीलाच इतका की तोल सांभाळणं हीच कसरत. तो नाचवायला मान आणि खांदे मजबूत लागतात, आणि सोबतीला वाट दाखवणारं माणूस.

जुने मुखवटे लाकडाचे, कोरून काढलेले. नंतर कागदाचा लगदा आला आणि वजन उतरलं. मातीच्या साच्यावर कागदाचे थर चढवायचे, चिकटवायला चिंचोक्याची खळ, वाळल्यावर साच्यापासून सोडवायचं, मग रंग. मुकुट आणि मागची प्रभावळ बांबूच्या काड्यांवर उभी राहते. जव्हारकडे आज लहान मुखवटे भिंतीवर टांगायला म्हणून विकत मिळतात. वारली चित्रकलेच्या वाट्याला जे आलं, त्याची ही छोटी सुरुवात म्हणता येईल. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी भिंतीवरच्या चौकातली चित्रं कागदावर आणून जगभर नेली, त्यांना २०११मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०१४मध्ये वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळालं. पण चित्र भिंतीवरून कागदावर जातं तेव्हा बरंच काही सोबत नेतं. खिळ्याला टांगलेल्या मुखवट्याची पावलं आणि संबळ मागेच राहतात.

बोहाड्याची खरी ताकद मुखवट्याहून त्याच्या मालकीत आहे. पुष्कळ गावांत सोंग घराण्याचं असतं. आजोबांनी नाचवलेला नरसिंह वडिलांकडे येतो, मग मुलाकडे. मुखवटा त्या घरात जपला जातो आणि चढवण्याआधी त्याची पूजा होते. काही ठिकाणी सोंगाचा मान मिळवायला बोली लागते आणि तो पैसा उत्सवाला जातो. कुणी नवस फेडायला सोंग घेतं. बायकांची सोंगंही परंपरेने पुरुषच घेत आले. या व्यवस्थेत नट निवडायला दिग्दर्शक लागत नाही आणि तिकीटही लागत नाही. एखादं घर आलं नाही तर त्या रात्रीच्या गोष्टीतलं एक पात्र कमी पडतं. शहरात गेलेला पोरगा मुकादमाशी भांडून का होईना गावी येतो, त्याचं कारण हेच असावं.

कोकणच्या दशावताराशी तुलना केली की फरक लख्ख दिसतो. तिथेही आरंभी गणपती आहे, देव-दैत्यांची झुंज आहे, रात्र जागवणं आहे. पण दशावताराची कंपनी असते, ती जत्रांमागून जत्रा करत गावोगाव फिरते, तिचे नट संवादात तयार असतात. बोहाडा आपलं गाव सोडून जात नाही. बंगालच्या पुरुलियाचा छाऊ मुखवट्यांमुळे त्याच्या जवळचा वाटतो. पुरुलियासह छाऊ नृत्याला २०१०मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली आणि त्याचे संच आज देशभर कार्यक्रम करतात.

बोहाड्यालाही अशी बोलावणी येतात. महोत्सवात दहा-पंधरा मिनिटं मिळतात, दोन-तीन मुखवटे नाचतात, टाळ्या पडतात. कलाकारांना मानधन आणि ओळख मिळते, ते चांगलंच आहे. मात्र त्या दहा मिनिटांत महिषासुराची भीती उभी राहत नाही. ती उभी राहायला आधीच्या सगळ्या रात्री लागतात. पहाटेपर्यंत असुर एकामागून एक माजत जातात, माणसं पेंगून पुन्हा जागी होतात, आणि शेवटच्या रात्री उजाडण्याच्या सुमारास देवीचं सोंग येऊन महिषासुराशी भिडतं. तोवर सगळं गाव तिथे उभं असतं. सरकारी मदत द्यायचीच झाली तर मंचावरच्या दहा मिनिटांइतकीच ती वाजंत्र्यांच्या बिदागीला, मुखवट्यांच्या डागडुजीला आणि गावातच होणाऱ्या रात्रींना मिळायला हवी. संबळ वाजवणारी घरं कमी झाली तर सोंगं असूनही नाचवता येणार नाहीत.

बोहाडा पाहायला बोईसरहून जायचं तर चिल्हार फाट्याला महामार्ग गाठायचा, मनोरवरून विक्रमगड, मग घाट चढून जव्हार आणि पुढे मोखाडा. तारीख इंग्रजी कॅलेंडरवर शोधू नये. प्रत्येक गावाची तिथी वेगळी, ती गावातच विचारावी लागते. संध्याकाळी पोहोचून दहा वाजता परत फिरणाऱ्याला गणपती आणि सरस्वतीच दिसतील. अंगावर घ्यायला एक चादर न्यावी, देवळाजवळ बसायला जागा धरावी आणि शेजारी एखादी आजी असेल तर ती नातवाला काय सांगते तिकडे कान द्यावा.