माशाची चूक विकणारी चमकी

चांदीसारखा लखलखणारा मासा पाण्यात सहसा दिसतच नाही. विश्वास बसत नसेल तर पावसाळा ओसरल्यावर गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यातल्या एखाद्या तलावाच्या बांधावर उभे राहा. पाण्यात बोटभर लांबीच्या रुपेरी माशांचा थवा असतो, तरी नजरेस पडते ते फक्त पाणी. मग अचानक एक ठिणगी उडाल्यासारखी होते आणि विझते. पुन्हा दुसरीकडे एक. एवढी लकाकी अंगावर घेऊन हे मासे लपतात कसे, आणि लपलेच आहेत तर मधूनच ही चमक का? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की एक भलतीच गोष्टही उलगडते: गळाला लावायचा प्लॅस्टिकचा किडा घरी ओतणारी माणसे त्यात चिमटीने चमकी का टाकतात.

आधी माशाचे पाहू. त्याच्या अंगावर चांदी नाही, कुठलाच धातू नाही. आहे ते ग्वानिन. आपल्या डीएनएची चार अक्षरे असतात, त्यातलेच हे एक. माशाच्या त्वचेतल्या खास पेशी या ग्वानिनचे पातळ स्फटिक बनवतात. एका स्फटिकाची जाडी साधारण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी. हे स्फटिक एकावर एक रचलेले असतात आणि मध्ये पेशीतल्या द्रवाचा पातळ थर असतो. ग्वानिनचा अपवर्तनांक 1.83 च्या आसपास, द्रवाचा 1.33 च्या आसपास. दोहोंत एवढी तफावत असल्यामुळे प्रत्येक थरावरून थोडा प्रकाश मागे फिरतो. थरांची जाडी नेमकी असल्याने हे परतणारे किरण एकमेकांना खोडत नाहीत, एकमेकांत मिळून वाढतात. असे बरेच थर झाले की जवळजवळ पूर्ण आरसा तयार. तोही ना पारा, ना चांदी, नुसत्या जैविक स्फटिकांचा.

पण आरसा तर चकाकतो, मग त्याने लपायचे कसे? इथे इंग्लंडमधल्या प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत काम करणारे एरिक डेंटन यांचे संशोधन कामी येते. 1960 च्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुपेरी माशांच्या या स्फटिकांची दिशा मोजली. माशाचे अंग गोलसर, पण स्फटिक त्या गोलाईला धरून बसत नाहीत. बाजूला जवळपास सगळीकडे ते उभे असतात, भिंतीवर टांगलेल्या आरशासारखे. त्याचे कारण पाण्यातल्या प्रकाशात आहे. वरून येणारा प्रकाश सर्वात जास्त, खालून येणारा सर्वात कमी, पण एका ठरावीक कोनातून पाहिले तर चहूबाजूंनी सारखाच. अशा ठिकाणी उभा आरसा ठेवला तर तो जो प्रकाश परतवतो तो हुबेहूब त्याच्या मागच्या पाण्याच्या प्रकाशाइतकाच असतो. पाहणाऱ्याला वाटते, समोर पाणीच आहे. मासा तिथे असून नसतो.

हे सारे मासा सरळ पोहत असेपर्यंतच. तो वळला, जखमी होऊन कलंडला, दगडाला अंग घासायला तिरका झाला, की आरसाही तिरका होतो आणि वरचे आभाळ थेट शिकाऱ्याच्या डोळ्यात फेकतो. बांधावरून आपल्याला दिसलेली ठिणगी म्हणजे लपण्यात झालेली क्षणभराची चूक. आणि शिकारी माशाच्या दृष्टीने तिचा अर्थ सरळ आहे: इथे कोणीतरी आहे, आणि बहुधा त्याची तब्येत ठीक नाही.

चमकी विकते ती हीच चूक.

धातूचा चमचा गळाला लावायची युक्ती फार जुनी. अमेरिकेत ज्युलिओ ब्यूएल यांनी 1852 मध्ये अशा चमच्याच्या गळाचे पेटंट घेतले. चमचा पाण्यात हेलकावे खात येतो आणि दर हेलकाव्याला एकदा झळकतो. मऊ प्लॅस्टिकचा किडा मात्र बराच नंतरचा. 1949 साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात निक क्रीम नावाच्या यंत्रकारागिराने आपल्या बायकोबरोबर स्वयंपाकघरातल्या शेगडीवर प्लॅस्टिक वितळवून गांडुळाच्या आकाराचा किडा ओतला. हा किडा चमच्यापेक्षा खऱ्या भक्ष्यासारखा लिबलिबीत होता, पण चमकत नव्हता. ती उणीव चमकीने भरून काढली.

चमकीचीही एक गंमत आहे. 1934 मध्ये न्यू जर्सीत हेन्री रुशमन यांनी टाकाऊ कागद आणि फिल्म बारीक कापण्याचे यंत्र बसवले आणि त्यातूनच चमकीचा धंदा उभा राहिला, असे सांगतात. आज रांगोळीत, लग्नपत्रिकेवर किंवा गणपतीच्या मखरावर आपण जी चमकी पाहतो ती बहुतेक पॉलिएस्टरची पातळ फिल्म असते. तिच्यावर निर्वात कोठीत ॲल्युमिनियमची वाफ बसवतात. हा थर इतका पातळ की एक किलो ॲल्युमिनियमने प्रचंड क्षेत्रफळ झाकता येते. वर रंगाचा थर चढवला की सोनेरी, हिरवी, जांभळी चमकी तयार होते. मग ती षटकोनी तुकड्यांत कापतात. षटकोन एकमेकांना लागून बसतात, मध्ये फट राहत नाही आणि फिल्म वाया जात नाही. भिंग घेऊन चमकी पाहाच. आपण जिला पूड म्हणतो ती प्रत्यक्षात नेटक्या सहाकोनी आरशांची रास असते.

आता ओतण्याकडे येऊ. या कामाला लागणारा द्रव म्हणजे प्लॅस्टिसोल. पीव्हीसीचे अतिबारीक कण एका तेलकट द्रवात तरंगत असतात, त्यामुळे थंड असताना तो दुधासारखा पांढरा दिसतो. काचेच्या मापपात्रात घेऊन तापवायला लागलो की आधी तो घट्ट होत जातो आणि माणसाला वाटते, बिघडले. पीव्हीसीचे कण तेलकट द्रव शोषून फुगत असतात, म्हणून हा घट्टपणा. हलवत राहिले आणि तापमान 175 अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की पांढरेपणा अचानक निघून जातो आणि पात्रात काचेसारखा पारदर्शक, वाहता पाक दिसू लागतो. ढगाळ पांढऱ्याचे असे निर्मळ होणे पाहताना दर वेळी थोडे थबकायला होते.

याच क्षणी रंगाचे थेंब पडतात आणि चमकीही. वाटीभर द्रवाला पाव चमचा ते एक छोटा चमचा पुरे. पुष्कळ टाकली तर जास्त चमकेल असे वाटते, पण तसे होत नाही. प्रत्येक चकतीभोवती प्लॅस्टिकची सलगता तुटते, त्यामुळे चमकी जास्त झाली की किडा ताठर होतो आणि गळ टोचताच फाटतो. शिवाय पुढच्या चकत्यांची सावली मागच्यांवर पडते. चमक दिसायला आजूबाजूला थोडा अंधार लागतो, म्हणून बरेच कारागीर धुरकट, काळपट हिरव्या किंवा भोपळी रंगाच्या किड्यात चमकी टाकतात. चकतीचा आकारही पाहतात. 0.2 मिलिमीटरची बारीक चमकी दिसते लहान माशाच्या खवल्यांसारखी, तर दीड मिलिमीटरची मोठी चकती एकेकटी झळकते.

सगळ्यात जास्त फसवणूक होते ती इथेच. बाजारातली हस्तकलेची चमकी या गरम द्रवात टिकेलच असे नाही. काहींची फिल्म आक्रसून वाकडी होते. काहींचा रंग प्लॅस्टिसोलमधले तेलकट द्रव्य ओढून घेते, मग लाल चकत्या पांढऱ्या पडतात आणि सगळा किडा गुलाबी होतो. म्हणून गळाच्या कामासाठी उष्णता आणि विद्रावक सोसणारी चमकी वेगळी मिळते. नवी चमकी आधी चमचाभर गरम द्रवात टाकून पाहावी, हा साधा उपाय.

दुसरा त्रास गुरुत्वाकर्षणाचा. पॉलिएस्टरची घनता सुमारे 1.38 आणि वर ॲल्युमिनियम. भोवतालचा पाक मात्र हलका आणि गरम असताना पातळ. हात थांबला की चमकी तळाला जाऊन बसते, म्हणून साच्यात ओतण्याच्या आधी शेवटचा फेरा हवाच. तोही हळू मारायचा, नाहीतर बुडबुडे येतात. काही कारागीर या बुडण्याचाही फायदा करून घेतात. साचा असा ठेवतात की किड्याचे पोट खाली राहील. चमकी तिकडे उतरते आणि पाठ गडद, पोट रुपेरी असा नदीतल्या बऱ्याच माशांचा रंगविन्यास आपोआप साधतो. साच्याच्या भिंतीला लागून मात्र चकत्या भिंतीशी समांतर होतात, बाकीच्या वाटेल तशा तिरप्या राहतात. हा तिरपेपणाच हवा असतो. जिवंत माशाचे सगळे आरसे एकाच दिशेने उभे असतात, म्हणून तो लपतो. प्लॅस्टिकच्या किड्यातले आरसे शेकडो दिशांना असतात, म्हणून शेपटी हलली की त्यातला कोणता ना कोणता आभाळ पकडतोच. खरा मासा क्वचित चुकतो, हा किडा सतत चुकत राहतो.

एवढे झाल्यावर एक इशारा. हे गरम प्लॅस्टिक अंगावर पडले तर चिकटते आणि खोल भाजते. साच्यात पाण्याचा एक थेंब राहिला तरी त्याची वाफ होऊन उकळता पाक उडतो. तापमान फार चढले की पीव्हीसी करपते, पिवळे पडते आणि हायड्रोजन क्लोराइडचा वायू सोडते. हे काम स्वयंपाकाच्या भांड्यात किंवा बंद खोलीत करू नये. डोळ्यांवर चष्मा आणि हातात जाड हातमोजे हवेतच.

आता सालेकसा तालुक्याकडे. कचारगडच्या गुहा, दरेकसाजवळचा हाजरा धबधबा, बाघ नदी आणि बाघ प्रकल्पातले पुजारीटोल्याचे पाणी यामुळे हा भाग ओळखीचा. तलावांचा जिल्हा म्हणून गोंदियाची ख्याती आहेच. इथली पिढीजात मासेमारी ढिवर समाजाची, जाळ्याची. गरीने, म्हणजे गळाने, मासे मारणे बाजूच्या छत्तीसगडच्या गावांइतकेच इथेही ओळखीचे. गरीच्या टोकाला गांडूळ किंवा कणकेचा गोळा असतो. प्लॅस्टिकचा चमकीवाला किडा इथल्या खेड्यातला नाही, तो हौशी गळवाल्यांचा. मुंबईच्या पवई तलावावर 1955 पासून महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन आहे, कोकणातल्या खाड्यांत जिताड्यासाठी मऊ प्लॅस्टिक वापरतात आणि गोड्या पाण्यातल्या मरळीसाठी प्लॅस्टिकचा बेडूक देशभर लोकप्रिय आहे. मरळ गवतात दबा धरून बसणारी शिकारी. मासा असून तिला हवा घ्यायला वर यावे लागते, म्हणून उथळ, गढूळ पाण्यातही ती टिकते. अशा गढूळ पाण्यात निळा प्रकाश आधी संपतो, म्हणून तिथे रुपेरीपेक्षा सोनेरी आणि तांबूस चमकीला गळवाले पसंती देतात. पाणी निवळ असेल तर रुपेरीच ठीक. लाल चमकी निवळ पाण्यात खोलवर गेली की काळी दिसते, कारण पाणी लाल प्रकाश सर्वात आधी शोषून घेते.

माणसाने माशाची चमक घेतली ती प्लॅस्टिकच्या आधीच. सतराव्या शतकात पॅरिसमध्ये जाकॅं नावाच्या जपमाळ बनवणाऱ्याने एका लहान नदीमाशाच्या खवल्यांतली चमक पाण्यात काढली आणि काचेच्या पोकळ मण्यांना आतून लावून नकली मोती केले. ती चमक म्हणजे तेच ग्वानिन. पुढे हेच द्रव्य नखांच्या रंगातही गेले.

शेवटी एक अडचण उरते, आणि ती लहान नाही. चमकी हे आयते बनवलेले सूक्ष्म प्लॅस्टिक आहे. युरोपीय संघाने ऑक्टोबर 2023 पासून सुट्या प्लॅस्टिकच्या चमकीवर निर्बंध आणले ते म्हणूनच. किड्याच्या आत चमकी अडकलेली असते, पण किडा फाटून तळाशी गेला की तो दीर्घकाळ तिथेच राहतो. 2021 मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या सिल्विया विग्नोलिनी यांच्या गटाने झाडांच्या सेल्युलोजपासून चमकी बनवून दाखवली. तिचा रंगही ग्वानिनसारखा, थरांच्या सूक्ष्म रचनेतून येणारा. गळवाल्यांपर्यंत ती सर्रास पोहोचलेली नाही. तोवर जुना पितळेचा चमचाच या तलावांना कमी त्रासदायक, असे माझे मत आहे.

तरीही घरी ओतलेला किडा घेऊन बाघेच्या काठी किंवा एखाद्या तलावावर जायचेच असेल तर दोन गोष्टी करा. गोंदियातल्या बऱ्याच तलावांतली मासेमारी स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते, तेव्हा गरी टाकण्याआधी त्यांना विचारा. आणि फाटलेला किडा पाण्यात किंवा काठावर न टाकता पिशवीत घालून घरी आणा.