कडक डोहाळे आणि कडक भाकरी

आमच्याकडं गरोदर बाईला उलट्या सुरू झाल्या की 'डोहाळे कडक लागलेत' म्हणतात. म्हणणारीच्या चेहऱ्यावर कौतुक असतं. जिला लागलेत तिला मात्र पहाटे उठून धारा काढायच्या असतात, भाकरी थापायच्या असतात, आणि लसणाची फोडणी पडली की तोंडाला पदर लावून परसात पळायचं असतं.

माझं माहेर बारामती, सासर इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या कडेला. पहिल्या खेपेला माझा दुसरा महिना नेमका गळीत हंगामात आला. उसाच्या पट्ट्यातल्या बायकांना वेगळं सांगायला नको, वारा फिरला की मळीचा वास घरात शिरतो आणि दार लावलं तरी जात नाही. भिगवणकडच्या माझ्या भाचेसुनेची तऱ्हा आणखी वेगळी. एरवी उजनीच्या चिलापीचं कालवण आवडीनं खाणारी पोरगी, पण दिवस गेले आणि मासळीच्या नुसत्या वासानं तिला उमासे यायला लागले.

मला उपयोगी पडली सासूबाईंची कडक भाकरी. चांगली वाळवलेली, पापडासारखी मोडणारी. ती डब्यात घालून उशाशी ठेवायची. जाग आली की अंथरुणातच दोन तुकडे चावायचे, पंधरा-वीस मिनिटं पडून राहायचं आणि मग सावकाश उठायचं. पोट रिकामं राहिलं की मळमळ वाढते, त्यामुळं ताट भरून जेवण्यापेक्षा दर दोन तासांनी मूठभर फुटाणे, ज्वारीच्या लाह्या, अर्धं केळं असं काहीबाही तोंडात टाकायचं. पाणी घोट घोट, आणि जेवणाच्या अधल्यामधल्या वेळात. गरम अन्नाचा वास जास्त येतो, म्हणून गार ताकभात बरा. आलं चघळल्यानंही मळमळ कमी होते, हे वैद्यकीय चाचण्यांतही दिसलंय. आणि फोडणी दुसऱ्या कुणीतरी घालायची! माझ्या जाऊबाईंनी दोन महिने घातली. वेगळं बिऱ्हाड असेल तर नवऱ्यानं शिकावं, काही अवघड नसतं.

साधारण सहाव्या आठवड्याला हे सुरू होतं, नवव्याच्या सुमारास जोर धरतं आणि चौथा महिना लागला की बहुतेकींना उतार पडतो. 'नाटकं करतेय', 'आम्ही नाही का पोरं काढली' असं ऐकवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. २०२३ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलेल्या संशोधनानुसार, पोटातल्या बाळाकडून आणि वारेतून आईच्या रक्तात येणारं 'जीडीएफ १५' नावाचं संप्रेरक या उलट्यांचं मोठं कारण आहे. जिच्या अंगात ते आधीपासून कमी असतं, तिला त्रास जास्त. म्हणजे दुखणं रक्तातलं आहे, सुनेच्या स्वभावातलं नाही.

भाचेसुनेच्या घरी मात्र 'सगळ्यांनाच होतं' म्हणण्यात आठवडा गेला. पोटात पाणी ठरेना, लघवी गडद आणि दिवसातून कशीबशी एकदा, उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी. वजन अठ्ठेचाळीसवरून पंचेचाळीसवर आलं. शंभरात पाच किलोच्या हिशेबानं वजन उतरलं तर ते कौतुकाचे डोहाळे राहत नाहीत. बारामतीला दवाखान्यात नेल्यावर लघवीत 'कीटोन' निघाले, म्हणजे अन्न मिळेना म्हणून शरीर स्वतःचीच चरबी जाळत होतं. दोन दिवस सलाईन लागलं. मैत्रिणींनो, अशी लक्षणं दिसली तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

औषधाला घाबरणाऱ्या पुष्कळ आहेत. १९६० च्या आसपास थॅलिडोमाइड या गोळीनं परदेशात हजारो बाळं व्यंग घेऊन जन्मली, ती भीती अजून गेलेली नाही. पण ब-६ जीवनसत्त्व आणि डॉक्सिलामाइन यांची जोडगोळी गेली कित्येक वर्षं तपासून वापरात आहे. ती डॉक्टरांना विचारूनच घ्यायची, मेडिकलवाल्याला विचारून नाही.

लोहाच्या गोळीनंही मळमळ वाढते. सरकारी कार्यक्रमात पहिले तीन महिने फॉलिक ॲसिड आणि चौथ्यापासून लोह देतात ते बरंच आहे. तरी त्रास झाला तर गोळ्या चुलीत टाकू नका. नर्सताईंना किंवा आशाताईंना विचारा, रात्री झोपताना घेतली की पुष्कळजणींना सोसते.